दोन गोष्टी बदलून

मंगलाबाई गांगुर्डे यांनी कणकेने भरलेला उजवा हात परातीवर तसाच धरला आणि डाव्या हाताच्या अंगठ्याने मोबाइलवरचा मजकूर पुन्हा वर सरकवला. तवा तापून धुरावला होता. तो उतरवायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

'जवस'ने लिहिलं होतं: 'आई ज्या दुकानात कामाला होती तिथे सुट्टीत मीही जायचे. तिथे तिला आई म्हणायचं नाही, हा तिचा दंडक. एकदा चुकून तोंडातून आई निघालं. तिने ऐकलंच नाही. बाकीचे हसले. घरी आल्यावर तिने माझ्या डोक्याला तेल लावून दिलं. त्याबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही.'

मंगलाबाईंनी गॅस बंद केला आणि त्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या. त्यांची मुलगी राखी महापालिकेच्या शाळेत त्यांच्याच वर्गात होती. शाळेत बाई म्हणायचं, आई घरी, असं त्यांनीच तिला बजावलं होतं. एकदा गणित दाखवायला आलेल्या राखीच्या तोंडून 'आई' निघालं, सगळा वर्ग हसला आणि मंगलाबाई फळ्याकडे वळल्या. त्या संध्याकाळी आपण तिच्या डोक्याला तेल लावलं होतं का, हे त्यांना काही केल्या आठवेना. लावलं असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं.

आता इथे दुकानाची शाळा कशी झाली, असं कुणीही विचारेल. त्याचं उत्तर मंगलाबाईंच्या स्वतःच्याच नियमात होतं.

नाशिकरोडच्या त्यांच्या कॉलनीत पौर्णिमेला विहारात वंदना झाली की बायका खाली सतरंजीवर बसत. दुसऱ्यांच्या सुनांचं सगळं बोलणं तिथे होई, स्वतःच्या घराचं काही नाही. एका पौर्णिमेला एक बाई निघता निघता चपला शोधताना म्हणाल्या, की माझा मुलगा माझ्याशी बोलत नाही. म्हणाल्या, हसल्या आणि गेल्या. पुढच्या पौर्णिमेला त्या आल्याच नाहीत. आपण बोलून बसलो आणि आता सगळ्यांना ठाऊक झालं, ही लाज त्यांना पुन्हा विहाराची पायरी चढू देईना. मंगलाबाईंना ते लागलं. जिथे बोलता येईल आणि बोलून झाल्यावर परत येताही येईल, अशी काही जागा हवी, असं त्यांच्या मनाने घेतलं. मोबाइलवर नंबर दिसत नाहीत असा गट काढता येतो, हे त्या भाचीकडून शिकल्या, आणि अशी 'ओसरी' सुरू झाली. मुलं बोलत नाहीत अशा आयांची, बापांची, आणि आईबापांशी बोलत नाहीत अशा मुलांचीही. नावं स्वयंपाकघरातल्या डब्यांवरून घ्यायची. कुणी ओवा, कुणी तीळ, कुणी बडीशेप. मंगलाबाई स्वतः मेथी झाल्या.

सुरुवातीला भलतेच लोक घुसले. एकाने विमा विकायला काढला, दुसरा बायकांना एकटं गाठून गोड गोड लिहू लागला. तेव्हा शेजारचे वाल्मीक आहेर मदतीला आले. त्यांची सगळी नोकरी नोटांच्या प्रेसमध्ये गेली होती. सुटताना गेटवर झडती द्यायची आणि आत पाहिलेलं बाहेर बोलायचं नाही, ही सवय त्यांच्या हाडात मुरलेली. त्यांनी वाटणी करून दिली. नवा माणूस आला की आहेर त्याच्याशी एकदा फोनवर बोलणार, खरं नाव-गाव ऐकणार, माणूस बरा वाटला तरच आत घेणार. पण गटातलं एक अक्षर ते वाचणार नाहीत. मंगलाबाई सगळं वाचणार, पण नाव एकाचंही त्यांना कळणार नाही. नाव एकाकडे, दुःख दुसरीकडे. लोकांना ही वाटणी पटली आणि ते मोकळेपणाने लिहू लागले.

त्यावर मंगलाबाईंनी एक नियम घातला. आपली हकिगत लिहिताना त्यातल्या दोन गोष्टी बदलून लिहायच्या, म्हणजे ओळखीच्या माणसालाही पत्ता लागणार नाही. मुलगा असेल तर मुलगी लिहा, नाशिक असेल तर मालेगाव लिहा. कुठल्या दोन, ते कुणी कुणाला विचारायचं नाही.

नियम चांगलाच होता. फक्त मुलीची वाट पाहणाऱ्या बाईच्या हातात तो जायला नको होता. जवसने दुकान लिहिलं म्हणजे ती शाळा असणार, ही एक गोष्ट झाली. जवसने भाऊ असल्याचं लिहिलं होतं आणि राखी एकुलती एक, म्हणजे ती दुसरी. बाकी सगळं जुळत होतं. मग एके दिवशी जवसने लिहिलं, की आईला वांग्याचं भरीत फार आवडतं. मंगलाबाई वांग्याला हातसुद्धा लावत नसत. ही तिसरी गोष्ट जुळेना, तेव्हा त्यांनी आपलाच नियम जरा सैल केला. सावध मुलगी आहे, दोनच्या तीन बदलल्या असतील, असं म्हणून त्यांनी त्या दिवशी बाजारातून वांगी आणली.

त्यांच्या लेखी सगळ्यात मोठा पुरावा वेगळाच होता. जवसने अगदी सुरुवातीला लिहिलं होतं: 'मी ते फक्त आईला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांना ठाऊक होतं.'

राखीनेही ते फक्त आईलाच सांगितलं होतं. मनाच्या दुखण्यावर गोळ्या चालू आहेत, सासरी कुणाला माहीत नाही, असं ती माहेरी येऊन हळूच बोलली. मंगलाबाई घाबरल्या. नातेवाइकांच्या गटात त्यांनी लिहिलं, की राखीसाठी कुणी चांगला डॉक्टर सुचवा. पोटतिडकीने लिहिलं. त्या गटात राखीची चुलतसासू आहे, हे लिहिताना त्यांच्या डोक्यातही आलं नाही. राखी भांडली नाही, रडलीही नाही. 'तुला विचारावंसं पण नाही वाटलं का गं?' एवढंच ती म्हणाली आणि फोन ठेवला. त्याला दोन वर्षं होऊन गेली. नवऱ्याची बदली झाली, नंबर बदलला, आणि पुण्यात आहे की आणखी कुठे, हेही मंगलाबाईंना आता दुसऱ्यांकडून कळायचं किंवा कळायचं नाही.

परातीवर झाकण टाकून त्यांनी हात धुतला आणि शेजारच्या जिन्याने वर गेल्या.

आहेर गॅलरीत उन्हात बसून वाटाण्याच्या शेंगा सोलत होते. त्यांनी पायानेच दुसरी खुर्ची पुढे सरकवली. मंगलाबाई बसल्या, त्यांनीही चार शेंगा हातात घेतल्या. थंडी यंदा लांबली, असं झालं. विहाराच्या पाण्याच्या टाकीचं झालं. मग मंगलाबाईंनी विचारलं, की जवस म्हणून जी आहे तिचा आवाज कसा आहे. आहेरांचे हात थांबले. राखी त्यांच्या डोळ्यांसमोर लहानाची मोठी झालेली. तिचा आवाज त्यांना ओळखू येणार नाही, असं होणंच शक्य नव्हतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं.

"बाई, हा नियम तुम्हीच केला."

"मीच केला. म्हणून तर विचारायला लाज वाटतेय."

मंगलाबाईंनी सोललेले दाणे त्यांच्या ताटलीत टाकले.

"नाव नका सांगू, आहेरभाऊ. ती राखी नाही, एवढंच म्हणा. मी उठते आणि पुन्हा कधी विचारणार नाही."

"नाही म्हणणं म्हणजे सांगणंच झालं ना, बाई. आज जवसला नाही म्हटलं, उद्या तुम्ही ओव्याचं विचाराल, परवा तिळाचं. नाही नाही करत गेलो तर शेवटी जे उरेल, ते तुम्हाला सांगितल्यासारखंच. त्या लोकांनी मला नाव विश्वासावर दिलंय."

मंगलाबाई त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. तिथे काही दिसेल म्हणून त्यांनी फार आशेने पाहिलं. आहेरांनी मान खाली घातली आणि आधीच सोललेली एक शेंग पुन्हा सोलायला घेतली. त्यांनाही हे जड जात होतं. शेजारणीचं दोन वर्षांचं झुरणं त्यांनी भिंतीपलीकडून ऐकलेलं होतं.

त्या जायला उठल्या तेव्हा ते म्हणाले, "एक सांगतो. खरं तर तेही सांगायला नको."

"काय?"

"त्यांनीही फोन केला होता. संक्रांतीनंतर. मेथी कोण आहे, म्हणून विचारत होते."

"मग? तुम्ही काय सांगितलं?"

"तुम्हाला आत्ता सांगितलं तेच."

मंगलाबाई जिना कशा उतरल्या, ते त्यांना कळलं नाही. आपण इकडे विचारतोय तसं तिकडूनही कुणीतरी विचारतंय. आता आणखी काय हवं होतं? त्यांना तर तेवढ्यात राखीला काय खायला करायचं, इथवर सुचलं. त्या घरभर फिरल्या, राखीच्या खोलीतल्या पलंगावरची चादर बदलली, आणि उशीला अभ्रा घालता घालता एकदम थांबल्या. लेकीने आपणहून न सांगितलेलं आपण आज पुन्हा दुसऱ्याच्या दारात जाऊन विचारून आलो होतो. तेव्हा नातेवाइकांच्या गटात, आता आहेरांच्या गॅलरीत. पोटतिडीक तीच आणि रीतही तीच.

त्या अभ्रा मांडीवर घेऊन पलंगावर बसल्या. मग मोबाइल उचलून लिहायला लागल्या.

'माझं खरं नाव मंगला गांगुर्डे. नाशिकरोडला राहते. महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते. मी इथे बहीण म्हणून जिच्याविषयी लिहिलं, ती माझी मुलगी आहे. आणि आमचं भांडण झालं असं लिहिलं, तेही खरं नाही. भांडण झालंच नाही. तिने मला विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी तिला न विचारता चार लोकांत सांगितली. या माझ्या बदललेल्या दोन गोष्टी. कुणी उत्तर द्यावं म्हणून लिहीत नाही.'

शेवटचं वाक्य खोटं होतं, पण ते त्यांनी राहू दिलं. मध्ये राखीचं नाव लिहिलं होतं, ते मात्र पुसून टाकलं. ते तिचं होतं, द्यायचं की नाही तिने ठरवायचं. कॉलनीतलं कुणी गटात असेल, विहारातलं असेल, आजवर मेथी म्हणून रडलेलं सगळं आता गांगुर्डे बाईंच्या नावावर जमा होणार, हे त्यांना दिसत होतं. तरी त्यांनी ते पाठवलं.

दुपारपर्यंत कुणी काही बोललं नाही. मग बडीशेप गट सोडून गेली. संध्याकाळी आणखी एकजण गेला. नियम करणारीनेच नियम मोडल्यावर बाकीच्यांनी कशाच्या भरवशावर बसायचं? मंगलाबाईंना ते कळत होतं आणि त्याचं वाईटही वाटत होतं. दुसऱ्या दिवशी आहेर दारात येऊन उभे राहिले. दोघा-तिघांनी त्यांना फोन करून आमची नावं तर बाहेर पडणार नाहीत ना, असं विचारलं होतं.

"नाव कुणाचं सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"माझंच. दुसऱ्या कुणाचं नाही."

"मग त्यांना तसं सांगतो," म्हणून ते गेले.

जवसचं उत्तर त्याच दुपारी आलं.

'मेथीताई, माझ्या आईचं नाव नवसाबाई. आमचं घर पेठकडे. आई दर हंगामाला बायांची टोळी घेऊन दिंडोरीकडे द्राक्षाच्या मळ्यांत कामाला जाते. ती टोळीची मुकादम आहे. मी शाळेच्या सुट्टीत तिच्या टोळीत असायचे. कामावर तिला आई म्हणायचं नाही, मुकादम म्हणायचं. नाहीतर बाकीच्या बाया म्हणतील, पोरीला हलकं काम देते. मी मळ्याचं दुकान केलं, आणि गाव कधी कळू दिलं नाही. भाऊ खरा आहे. मला सासरी परत जायचं नाही, हे मी फक्त आईला सांगितलं होतं. तिने टोळीतल्या बायांना सांगितलं. बायांनी माझ्या सासरी पोचवलं.'

त्याच्या खाली, थोड्या वेळाने पाठवलेलं आणखी थोडं होतं.

'माझ्या आईला लिहिता-वाचता येत नाही. तिच्याकडे साधा बटणांचा मोबाइल आहे. मेथी म्हणजे ती नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी मी त्या काकांना फोन करून विचारलं होतं.'

मंगलाबाईंनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि त्या रडल्या. त्यांना राखी हवी होती, दुसऱ्या कुणाची मुलगी नको होती. इतकी शहाणी, इतकी सरळ लिहिणारी ही पोर आपली नाही, याचा त्यांना त्या घडीला रागच आला, आणि तो राग धरायला काही आधारही नव्हता. राखीच्या खोलीत नवी चादर तशीच ताणून घातलेली होती. त्यांनी ते दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून त्या पुन्हा मोबाइल घेऊन बसल्या. जवसने त्या शेवटच्या दोन ओळी लिहिताना किती वेळ लावला असेल, याचा विचार रात्रभर त्यांची पाठ सोडत नव्हता. वाचता न येणाऱ्या बाईच्या उत्तराची वाट पाहायची, आणि तीही मोबाइलवर! त्यांनी लिहिलं: 'तू इथे जे लिहिलंस ते तुझ्या आईला वाचून दाखवू का? दिंडोरी मला लांब नाही. तू हो म्हणालीस तरच जाईन. नाही म्हणालीस तरी चालेल.'

उत्तर यायला दोन दिवस गेले. त्यात मळ्याच्या मालकाचं आडनाव होतं, मोहाडीच्या रस्त्यावरची खूण होती आणि कुठलं वाचायचं, कुठलं नाही, तेही होतं. शेवटी लिहिलं होतं: 'पण आधी तिला विचारा, ऐकायचंय का.'

मंगलाबाई बसने दिंडोरीला आणि तिथून रिक्षाने मळ्यावर पोचल्या तेव्हा घड काढायचं काम रंगात आलं होतं. मांडवाखाली बाया ओळीने उभ्या होत्या. डावा हात घडाखाली, उजव्या हातात कात्री, पायाशी प्लास्टिकचे क्रेट. नवसाबाई कोण, हे विचारावं लागलं नाही. एक उंच, काटक बाई मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या नजरेने काम हाकत होती आणि स्वतःची कात्रीही थांबू देत नव्हती. मंगलाबाई वाकून मांडवाखाली शिरल्या आणि तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. आपण नाशिकरोडहून आलो, निवृत्त शिक्षिका आहोत, तुमच्या मुलीने पाठवलं, असं त्यांनी सांगितलं.

कात्री थांबली नाही. "कंची पोरगी?"

"नाव मला ठाऊक नाही," मंगलाबाई म्हणाल्या. "पण ती कामावर तुम्हाला मुकादम म्हणायची. एकदा चुकून आई म्हणाली होती."

तेव्हा कात्री थांबली. नवसाबाईने हातातला घड क्रेटमध्ये ठेवला. नीट बसला नव्हता म्हणून तो उचलून पुन्हा ठेवला. पदराने तिने कपाळ पुसलं आणि तो तसाच डोळ्यांवरून खाली आणला. पोरगी बरी हाय का, एवढं तिने विचारलं. बरी आहे, असं मंगलाबाई म्हणाल्या. त्यांना त्याहून जास्त काही माहीत नव्हतं, पण लिहिणारी मुलगी बरी असते, अशी त्यांची समजूत होती. मग त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला.

"तिने तुमच्यासाठी लिहिलंय. वाचून दाखवू? तुम्हाला ऐकायचं असेल तरच."

नवसाबाईने मोबाइलकडे पाहिलं आणि मग मंगलाबाईंकडे.

"तिला इचारून आणलंय का तुम्ही हे?"

"विचारून आणलंय."

नवसाबाईने मागे वळून टोळीकडे नजर टाकली. दोन बायांच्या कात्र्या केव्हाच्या थांबलेल्या होत्या.

"मंग वाचा," ती म्हणाली. "पण हळू वाचा. बाया ऐकतील."

मंगलाबाईंनी चष्मा लावला आणि त्या तिच्या अगदी जवळ सरकल्या.